तिरप्या चालीची जीप

जीप सरळ रस्त्यावर तिरपी चालत होती, आणि मेघाश्रीला वाटत होतं की दोष आपल्या हातांचा आहे.

म्हैसुरात बन्नीमंटपाच्या मागच्या बाजूला तिच्या काकांचं, नागेंद्रकाकांचं गॅरेज होतं. एके काळी त्याच लांबलचक शेडमध्ये त्यांच्या भावसार घराण्याचा कापड रंगवण्या-छापण्याचा कारखाना चाले. रंगाची कुंडं केव्हाच गेली, पण फरशीत मुरलेले निळे-तांबडे डाग राहिले. दुपारी छपरातल्या काचेतून ऊन खाली उतरलं, की ते डाग ओले झाल्यासारखे चमकत. मग त्यांच्यावर उभी असलेली ती उंच जीप म्हणजे रंगीत पाण्यात पाय बुडवून, डोळे मिटून उभं राहिलेलं एखादं जनावरच वाटे.

जीप मेघाश्रीची. ती शाळेत भूगोल शिकवायची. उंच स्प्रिंगा आणि मोठी चाकं लावून जीप चांगली चार बोटं वर उचलली होती ती काकांनी, आणि उचलली होती अनुसूयाआत्यांसाठी. बन्नूरच्या पलीकडे एका खडकाळ टेकडीवर त्यांच्या कुलदेवीचं ठाणं होतं. दर दसऱ्याला घरात एक वस्त्र छापायचं आणि ज्यानं छापलं त्यानंच ते देवीला नेसवायचं, अशी घरची रीत. आता घरात छापणारं माणूस एकच उरलं होतं, आत्या. आणि आत्यांचे गुडघे टेकडीच्या पायथ्यालाच हात जोडायचे. गेल्या वर्षी वस्त्र छापून झालं, घडी घालून कपाटात गेलं. यंदा मेघाश्रीनं शब्द दिला होता. "आत्या, तुम्ही फक्त बसा. मी नेते वर."

म्हणून मागच्या महिन्यात काकांना शेजारी बसवून ती रस्ता पाहायला गेली. चढताना सगळं ठीक झालं. उतरताना मात्र डावं पुढचं चाक एका दगडावर आदळलं, जीप डुचमळली, दगड ओलांडून खाली आली. तेव्हापासून ती डावीकडे ओढू लागली. सरळ जायचं तर स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागे.

काकांनी टेप लावून दोन्ही बाजूंना पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर मोजलं. डाव्या बाजूचं अंगठाभर कमी भरलं. "पुढचं चाक मागं ढकललं गेलंय," ते म्हणाले. चाकांना जोडणारी आडवी दांडी म्हणजे अॅक्सल. ती पुढंमागं सरकू नये म्हणून खालून एक जाड लोखंडी नळी तिला धरून ठेवते; मेकॅनिक तिला लोअर आर्म म्हणतात. पुढचा डावा आर्म खरवडला गेला होताच. काकांनी तो काढून नवा घातला.

जीप तरीही तिरपीच चालली.

काकांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, त्यांना महिनाभर गाडी चालवायला बंदी होती. ते शेजारी बसून हिरव्या चष्म्यातून बघत राहिले आणि शेवटी हळूच म्हणाले, "पुट्टी, गाडी सरि आहे गे आता, तिच्यात दोष नाही. तुझ्या हातात त्या दगडाची भीती बसलीय. डावीकडं दगड होता ना, म्हणून हात आपोआप उजवीकडं पळतो."

ते मायेनं बोलले, म्हणून ते तिच्या मनात जास्तच खोल गेलं. वर्गात फळ्यावर अक्षांश काढताना तिला वाटे, रेघ उजवीकडे घसरतेय. रस्त्यानं चालताना पायांखालची वाट हळूहळू कलंडतेय असं वाटे. एकदा तर तळ्याकाठी बसल्याबसल्या तिची तंद्री लागली आणि तिला दिसलं, सगळं म्हैसूर खेकड्यासारखं एका अंगानं चालत निघालंय, आणि ते थांबवणं आपल्या हातात नाही. ज्या हातांचा आपल्यालाच भरवसा नाही, त्या हातांत आत्यांना सोपवून टेकडी कशी चढायची? आत्यांना 'यंदा नको' सांगायचं तिनं मनाशी ठरवून टाकलं. फक्त शब्द सापडत नव्हते.

शनिवारी दुपारी ती ते सांगायलाच गॅरेजमध्ये आली. भिंतीकडेच्या जुन्या लांब टेबलावर आत्यांनी पांढरं कापड पसरलं होतं. ठसे पुसून ओळीनं मांडले होते.

"बरी आलीस. हे टोक धर," आत्यांनी निळीत बुडवलेलं सूत तिच्या हातात दिलं. "कापडाच्या बरोबर मध्ये. घट्ट."

"मध्ये कशाला आत्या? काठाला धरून ठसे लावत गेलं की झालं ना?"

"काठाचा काय भरवसा ग? धुताना, वाळताना कुठंतरी ओढला गेलेला असतो."

"मग दोन्ही काठ एकमेकांशी ताडून बघायचे."

"बघ की. अंतर जुळत नाही एवढं कळेल. पण वाकडा कोणता, हा की तो? ते कोण सांगणार, तुझा काका?" आत्यांनी सूत मध्येच चिमटीत उचललं आणि सोडलं. टप्प! पांढऱ्या कापडावर बारीक निळी रेघ उमटली. "आधी ही रेघ. मग दोघांनाही हिच्यापासून मोजायचं. जो चुकला तो आपोआप सापडतो. नीळ काय, एका धुण्यात जाते."

मेघाश्री सुताचं टोक धरून तशीच उभी राहिली. रेघेच्या टोकाशी, उन्हात, जीप उभी होती. कापडाची शुभ्र पट्टी जणू तिच्या पोटाखालून पलीकडे वाहत गेली होती. पुढचं चाक, मागचं चाक. हा काठ, तो काठ. अंतर कमी भरलं तेव्हा आपण पुढच्या चाकालाच चोर ठरवलं; मागच्याला कुणी विचारलंच नाही.

"काका," ती म्हणाली, "हिची मधली रेघ मारू या."

"कुणाची? कापडाची मारलीस की आत्ता."

"जीपची."

काका डोळ्यात औषधाचे थेंब घालून वर बघत बसले होते. ते गालावर ओघळलेलं औषध पुसत उठले. "ओळंबा आण," एवढंच म्हणाले.

गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी, दोन्ही बाजूंनी सारखा असतो. त्याच्या पुढच्या भोकांच्या जोडीतून आणि मागच्या जोडीतून त्यांनी ओळंबा खाली सोडला आणि त्याचं टोक जिथं टेकलं तिथं फरशीवर खडूनं खूण केली. प्रत्येक जोडीचा मध्य काढला. दोन्ही मध्यांवरून निळं सूत ताणलं. टप्प! जुन्या रंगाच्या डागांवरून एक सरळ रेघ जीपच्या खालून आरपार गेली.

"आता अॅक्सलची टोकं," काका म्हणाले. चारही चाकांशी तसाच ओळंबा सोडला, खुणा केल्या. मग मेघाश्रीनं मधल्या रेघेवर लांब पुढं एक बिंदू धरला आणि तिथून सूत आधी डाव्या पुढच्या खुणेपर्यंत नेलं, मग तेच सूत उजव्या खुणेकडे वळवलं. दोन्हीकडे बरोबर पुरलं. वर्गातल्या मुलांनासुद्धा कळलं असतं: दोन बाजू सारख्या, म्हणजे अॅक्सल रेघेला काटकोनात. पुढचं चाक निर्दोष होतं.

मग त्याच बिंदूपासून मागच्या खुणांपर्यंत सूत नेलं, तर उजवीकडे पुरलेलं सूत डावीकडे सैल पडलं. अंगठाभर.

ती पाठीवर पडून जीपखाली सरकली. मागच्या डाव्या आर्मवर टेकडीची तांबडी माती थापल्यासारखी बसली होती. तिनं ती खरवडून काढली. माती पडली आणि आत नळी धनुष्यासारखी वर वाकलेली दिसली. वाकली तशी ती लांबीला कमी झाली होती आणि चाकाला पुढं ओढून बसली होती.

"पुढचं चाक दगडावरून उतरलं," ती खालूनच म्हणाली, "आणि मग सगळा भार घेऊन हा त्याच दगडावर बसला."

"अय्यो!" काका फरशीवर मांडी घालून बसले. "मागचं अॅक्सल तिरपं, म्हणून ते गाडीच्या मागच्या अंगाला उजवीकडं रेटतं. तोंड डावीकडं फिरतं. तू उजवीकडं धरून तिला सावरत होतीस. आणि मी तुला काय सांगितलं!"

"नोडु, बघ," आत्या टेबलाजवळून म्हणाल्या, "डॉक्टरांनी याचे डोळे उघडले, पण चष्मा हिरवा दिला."

काकांनी आधी पुढून काढलेला, नुसताच खरवडलेला आर्म फरशीवर ठेवून ढकलला. तो लांबवर, सुतासारखा सरळ, शांतपणे गडगडत गेला. मग मागचा डावा आर्म काढून तोही तसाच ढकलला. वाकलेला मात्र दोन वळणं घेऊन कण्हत थांबला.

"तापवून सरळ करू या?" मेघाश्रीनं विचारलं.

"दिसेल सरळ. पण लोखंड एकदा तिथं थकलं की पुन्हा तिथंच वाकतं. आत्याला घेऊन जायचंय ना? नवाच घालू."

नवा आर्म आला. त्याची लांबी कमीजास्त करता येत होती. ती उजव्या बाजूशी जुळवली, ब्रेकची नळी कुठं ताणत नाही ना ते पाहिलं. मेघाश्री पाना घेऊन नट आवळायला निघाली, तेव्हा काकांनी तिचा हात धरला.

"हवेत नको. आत रबराचे बुश आहेत. गाडी जॅकवर असताना आवळलेस, तर खाली आल्यावर ते पिळलेलेच राहतील. आधी तिला तिच्या पायांवर उभी कर. मग शेवटचा फेरा."

जीप खाली आली, हलकेच हलली, स्थिरावली. काकांनी हात सोडला आणि मेघाश्रीनं शेवटचा फेरा दिला.

दसऱ्याच्या आधीच्या सकाळी ते बन्नूरच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना ऊस, त्याच्यावर धुकं. आत्या पुढं बसल्या होत्या, मांडीवर छापलेलं वस्त्र. काका मागं. एका लांब सरळ पट्ट्यावर मेघाश्रीनं स्टिअरिंगवरची बोटं सैल केली, मग उचलली. जीप सरळ जात राहिली. उसाच्या हिरव्या पाण्यातून होडी जावी तशी, आवाजही न करता.

पायथ्याशी तिनं स्टिअरिंग पुन्हा धरलं. दगड समोर येत गेले, एकेक करून खाली गेले. जीप कलली, सावरली, वर चढत राहिली. आत्यांची मान तिच्या खांद्याकडे झुकली होती. झोपेत त्यांचा श्वास जीपच्या हेलकाव्यांबरोबर चालला होता.

वर ठाण्यासमोर तिनं इंजिन बंद केलं.

"उठव की तिला," काका कुजबुजले.

"राहू दे थोडा वेळ. देवी कुठं जात नाही."

वारा वस्त्राचा पदर उलटून गेला. आत्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "चढ केव्हा लागणार ग?"

"लागून गेला, आत्या."