गवरीतलं बी

हे मी लिहिणारच नव्हतो. खरं सांगतो. एक तर ह्यात माझीच फजिती हाये. दुसरं म्हणजे न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या भोपळ्याची गोष्ट कोण वाचंल? पण काल हिरासिंग कापसाच्या गाडीसंगं हिंगोलीला आला अन् म्हणाला, "तू टाईप मारायला शिकलास म्हणतोस, तर आमचं बी मार की."

म्हणून मारून राहिलो. जिनिंगच्या हापिसात दुपारी मुनीमजी जेवायला गेले की यंत्र मोकळं राहातं. तेवढ्या वेळात होईल तेवढं. शाळा मला दोन सालाची. वाचायला पुड्यांच्या कागदावर शिकलो, अन् हे यंत्र मुनीमजींची बोटं बघून बघून. ळ ला दोनदा हाणावं लागतं. चालायचं.

मी महेबूब, डोंगरकड्याचा, औंदा इथं जिनिंगात कामाला. आमी बागवान. माझी अम्मा खतीजाबी नाल्याकाठच्या तुकड्यात भाजी पिकवती अन् टोपलीत घालून इकती. दर बुधवारी दीड कोसावरच्या तांड्यावर जाती. वांगी-मेथी देती, जवारी घेती. हिरासिंग त्याच तांड्याचा. लहानपणी आमी दोघांनी एका कांबळीखाली ढोरं राखली, त्यामुळं त्याच्या आईला मी बी याडीच म्हणतो. भिकाबाई तिचं नाव. तोंडानं मिरची.

मागच्या साली पौषात हिरासिंगच्या बायकोला, मिराबाईला, दिवस मावळला की दिसणं बंद झालं. पाच महिन्यांची पोटुशी होती. दिवसा सगळं बराबर. सूर्य बुडाला की हातातली वाटी दिसंना. एकदा तापल्या तव्यावर पंजा ठेवला. एकदा दावणीच्या बैलाला जाऊन धडकली.

याडी सगळ्यांदेखत बोलली, "होळीपस्तोर बघते. न्हाई सुधरलं तर तिच्या बापाला बोलावते, घेऊन जा म्हणते. उद्या लेकरू चुलीत पाडंल, मंग?"

हिरासिंग आईपुढं बोलणारा गडी न्हाई. माझ्याकडं आला अन् नुसता बसून राहिला. मी म्हणलं, "ऊठ."

आमी कळमनुरीला गेलो. तिथल्या दवाखान्यात उकंडराव कंपाउंडर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं अन् इचारलं, "घरात खाता काय?"

"भाकर," हिरासिंग म्हणाला. "चटणी. डाळ असली तर डाळ."

"हिरवा पाला?"

"पावसाळ्यात रानातला खातो की."

"आता पावसाळा हाय का? ते रातांधळं हाय. तिला रोज पाला पाहिजे. शेवग्याचा, भोपळ्याचा, मेथीचा, काहीबी. पिवळा भोपळा मिळाला तर त्याहून बेस. माझ्याकडं औषधाची बाटली न्हाई, अन् असती तरी तिनं एवढंच केलं असतं. पण रोज. आठ दिवसाला एकदा न्हाई."

अम्मा तर बुधवारी एकदाच जाती. रोज दीड कोस पाला घेऊन कोण जाणार? वाटेतच मी ठरवलं, भाजी तांड्यावरच उगवायची. अन् एकट्या मिराबाईच्या दारात न्हाई, दहाच्या दहा घरात. मला वाटलं, बागवानाचं पोरगं मी, ह्यात अवघड काय हाय?

दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेलो. बाया एका जागी बसून ओढण्यांना कवड्या टाकत होत्या. मी इहिरीजवळ काडीनं वाफे आखून दाखवले. सरळ, आमच्या तुकड्यात असतात तसे. इथं मेथी, इथं वांगी, इथं वेल.

याडी म्हणाली, "अन् पाणी कोण शेंदंल? तुजा बाप?"

"माझा बाप तर मेला, याडी."

"मंग तूच शेंद. आमच्या डोक्यावर आधीच दोन घागरी हायेत, तिसरी कुठं ठेवू?"

नीलाबाई म्हणून एक तोंडाळ बाई होती. ती म्हणाली, "अन् शेळ्यांला काय सांगशील? ही म्हेबूबची मेथी हाये, हिला तोंड लावू नका?"

सगळ्या हासल्या. मी बी हासलो, काय करता. आखलेल्या वाफ्यातून तेवढ्यात एक शेळी चालत गेली.

मिराबाई एका बाजूला बसली होती. ती हळूच बोलली, "भाऊ, घरामागं न्हाणीचा दगड हाये. रोज सगळे तिथं आंग धुतात, भांडी घासतात. त्या पाण्याचा नुसता चिखल होतो. वेल तिथंच लावला अन् छपरावर चढवला, तर पाणी बी फुकट अन् शेळीचं तोंड बी पोचायचं न्हाई. बुडाशी बोराटीचे काटे लावले की झालं."

बागवानाचं पोरगं मी, अन् हे मला सुचलं न्हाई. आमच्याकडं मोट हाये ना, म्हणून.

याडीनं सुनेकडं पाह्यलं. "लई शानी झाली," म्हणाली. पण नाही म्हणाली न्हाई.

आता राहिलं बियाणं. बी अम्माकडं. घरी येऊन मी सगळं सांगितलं. अम्मा कांदे निवडून राहिली होती. मान वर न करता बोलली, "अन् घरोघर भाजी झाल्यावर मेरी टोकरी कौन लेगा?"

मी म्हणलं, "अम्मा, तिच्या हाताला फोड आलाय. येवढा."

अम्मानं हातातला कांदा टोपलीत टाकला. मंग उठली अन् मागल्या भिंतीवरून दहा गवऱ्या काढून दिल्या.

आमच्यात बियाणं असंच ठेवतात. भोपळ्याचं, दोडक्याचं बी राख मिसळलेल्या शेणात दाबायचं, लहान भाकरीएवढी गवरी थापायची अन् भिंतीला चिकटवायची. किडा लागत न्हाई, उंदीर खात न्हाई. लावायच्या टायमाला गवरी फोडायची, बी रातभर भिजवायचं. हे मला आईच्या दुधासंगं माहीत. म्हणून मला वाटलं, सगळ्या दुनियेला माहीत असंल.

अम्मा म्हणाली, "बराबर समझा के बोल."

"व्हय, व्हय," मी म्हणलं.

गवऱ्या घेऊन तांड्यावर गेलो. दहा घरी दहा. प्रत्येक दारात म्हणलं, "अम्मानं धाडलं. जपून ठेवा, आठ दिवसात न्हाणीजवळची जागा खणा, मंग कामी येईल." बाया ओढणी तोंडावर घेऊन हासत होत्या. मला वाटलं, खूश झाल्या.

त्या काहून हासल्या ते आता सांगतो. ह्या लोकांच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून मुलुख पालथा घातलेला. दारात शंभर ढोरं. शेणाला काय तोटा? अन् एक बागवान दीड कोस चालत येतो अन् त्यांला गवऱ्या वाटतो! मी गेल्यावर नीलाबाई म्हणाली म्हणं, "बिचाऱ्यांकडं दुसरं द्यायला काही नसंल." दुसरी म्हणाली, "दिलं तर घ्यावं, माणूस चांगलं हाये." अन् त्याच सांजेला चुली पेटल्या. नऊ घरात नऊ गवऱ्या भाकरीखाली गेल्या.

मला काय पत्ता. मी आठ दिवस मिशीला ताव देत फिरलो.

बुधवारी अम्मासंगं मी बी तांड्यावर गेलो. अम्मानं टोपली उतरवली अन् इचारलं, "बी भिजवलं का?"

"कोणतं बी?" नीलाबाई म्हणाली.

"गवरीतलं."

"कोणती गवरी?"

मंग एक बाई म्हणाली, "खतीजाबी, ती तर जळाली. राख लई पडली, पण जळाली."

अम्मानं कपाळाला हात लावला. मंग माझ्याकडं वळली. "म्हेबूब! मैं क्या बोली थी तेरेकू? सालभराचं बी! तुझ्याच तोंडात शेण घालू का आता?"

"घाला, घाला," नीलाबाई म्हणाली, "पण ह्यात बी असंल तर आधी बघून घ्या."

बाया हासून हासून खाली बसल्या. मी मात्र हिरासिंगकडं बघत होतो. तो हासत न्हवता. होळीला महिना-सव्वा महिना उरला होता. अम्माजवळ भोपळ्याचं दुसरं बी न्हवतं, अन् कोणाकडं मागावं तर कोण देणार?

तेवढ्यात मिराबाई उठली. ओढणीच्या पदराला एक गाठ होती. ती सोडून तिनं अम्मापुढं धरली. आत बी होतं. भोपळ्याचं चपटं पांढरं, दोडक्याचं काळं. मूठभर. एक बी भाजलेलं न्हवतं.

"हे कुठून आणलंस, बेटी?" अम्मा म्हणाली.

"मला सांजेला दिसत न्हाई ना, खतीजाबी. मी चुलीत काही घालायच्या आधी हातानं चाचपते. एकदा हात भाजला, तेव्हापासून. गवरी मोडली तर आत नखासारखं काही लागलं. मला वाटलं, शेणात नखं कुठली? एकेक काढून घेतलं, मंग गवरी जाळली. सकाळी पाह्यलं तर बी."

"मंग बोलली काहून न्हाईस?" याडी म्हणाली.

मिराबाई खाली बघून म्हणाली, "तुमी म्हणल्या असत्या, आंधळी शेण चिवडती."

याडीला ते लागलं. त्या दिवशी न्हाणीमागची जागा तिनं स्वतः खणली. मी कुदळ मागितली तर म्हणाली, "तू बस. तुझं काम आमी पाह्यलं."

अर्धं बी मिराबाईच्या न्हाणीवर लावलं. बाकीचं दोन-दोन करून नऊ घरात. अम्मानं आमच्या दारच्या शेवग्याच्या फांद्या तोडून आणल्या, त्या बी रोवल्या. अन् निघायच्या आधी ती म्हणाली, "आता सबके सामने बोल, क्या करना." मी प्रत्येक न्हाणीपुढं उभा राहून बोललो. साबण-राखेचं पाणी थोडं लांबून जाऊ द्या, बुडात साचू देऊ नका, बोराटी घट्ट लावा. नीलाबाईनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. "अन् ह्या येलात काही लपलंय का? आधीच सांग."

वेल लवकरच तरारले. न्हाणीचं पाणी रोजचंच, त्यामुळं त्यांला तहान माहीतच न्हाई. वेल वीतभर झाले न्हाईत तोच मिराबाई कवळी पानं खुडायला लागली. एका वेलाची दोन-चारच, वेलाला तकलीफ होऊ नये म्हणून. शेवग्याला डिरे फुटले. तोपर्यंत जे कमी पडत होतं ते भरायला मी एक दिवसाआड पाला घेऊन जात होतो. फजिती माझी, तर पाय बी माझेच. पानं चिरून, डाळीत घालून, भाकरीसंगं. याडी समोर बसून सुनेला खायला लावायची. "खा. ते कंपाउंडर म्हणाले ना? खा."

होळी आली. तांड्यावर होळी म्हणजे सालातला मोठा सण. मला अन् अम्माला बोलावणं होतं. दिवस नुकता बुडाला होता. बाया सणाच्या पेहरावात तयार, हातात टिपऱ्या. याडी अंगणाच्या मधे येऊन उभी राहिली अन् टिपऱ्या थांबल्या. होळीपस्तोर बघते, असं ती सुनेबद्दल म्हणाली होती, ते सगळ्यांला याद होतं.

तिनं मुठीतली एक कवडी धुळीत टाकली. "मिरा. उचल."

हिरासिंगनं माझं मनगट धरलं. अजून दुखतं.

मिराबाई आली. जड पोट सांभाळत थांबली. खाली पाह्यलं. एक पाऊल टाकलं, वाकली, उचलली. मंग अजून दोन पावलं बाजूला गेली, परत वाकली. हात पुढं केला.

"याडी, दोन पडल्या."

"दोन कुठून? मी एकच टाकली."

"दुसरी तुमच्या ओढणीची तुटलीय. तिथं. खांद्यावर."

याडीनं खांदा चाचपला. धागा लोंबत होता. तिला स्वतःला दिसलं न्हवतं. नीलाबाई म्हणाली, "आता पाला सासूला बी सुरू करा!" अन् जो हशा उठला त्यात याडी बी होती. तिनं ती तुटलेली कवडी मिराबाईच्याच ओढणीला टाकायला सांगितली. बापाला बोलावण्याची गोष्ट त्यानंतर निघाली न्हाई.

वैशाखात पोरगी झाली. तोवर छपरावर भोपळे बसले होते, इतके की हिरासिंगला वाशाला टेकू द्यावा लागला. अन् अम्माच्या टोपलीचं काय झालं? बुधवारी ती आता भरून नेती अन् भरूनच आणती. जाताना आलं-लसूण-मिरची, येताना तांड्याचे भोपळे. ते डोंगरकड्याला इकती. म्हणती, "मेरे बेटे के शेण में बरकत है."

आता कालची गोष्ट. हिरासिंगनं कापूस उतरवला, चहा पिताना फडक्यातून एक चीज काढून माझ्या हातात ठेवली. गवरी. राख मिसळलेली, लहान भाकरीएवढी, अगदी आमच्या अम्मासारखी थापलेली.

"मिरानं केली," तो म्हणाला. "अशा चाळीस केल्यात. तिच्या माहेरी, औंढ्याकडच्या तांड्यावर, तिच्या भावजयीला बी सांजेचं दिसंना झालंय. येत्या आमुशेला जातेय. पोरगी काखेला, गवऱ्या गाडीत. याडी बी संगं निघालीय, न्हाणीच्या जागा दाखवायला म्हणं."

ज्या माहेरी तिला परत धाडायचं ठरलं होतं, तिथंच.

"मंग माझं काय काम?" मी म्हणलं.

"ती म्हणती, म्हेबूबला आण. त्या लोकांला त्याच्यासारखं सांगणं कोणाला येत न्हाई." अन् हासला. "पण ह्या टायमाला..."

त्याला पुढं बोलूच दिलं न्हाई. मी ती गवरी दोन्ही हातानं मोडली. पांढऱ्या बिया टेबलावर पडल्या, ह्या यंत्राच्या बाजूला. त्याच्या हातावर हात ठेवून म्हणलं, "आमुशेला मुनीमजींकडून सुट्टी काढतो, भेटंल न भेटंल, येतो. अन् हिऱ्या, तुला वचन देतो. पहिल्या दारात पहिली गवरी मी आशीच फोडून दाखवीन. तोंड मंग उघडीन."