टोपीतला कौल

मुंबईच्या कौन्सिलातल्या खुर्च्या फार मऊ असतात. वणव्याच्या बिलावर बोलायला मी उभा राहिलो की निम्मी सभा पेंगायची, आणि खरं सांगायचं तर शेवटी शेवटी मलाही माझ्याच भाषणाचा कंटाळा आला होता. म्हणणं एवढंच होतं: आमच्या कुलाबा जिल्ह्यातले डोंगर दर उन्हाळ्यात जळतात, ते का जळतात आणि जंगल परत कसं उभं करायचं याचा अभ्यास युनिव्हर्सिटीनं करावा, सरकारनं त्याला पैसा द्यावा. एका सभासदानं विचारलं, झाडं आपली आपण उगवत नाहीत का? दुसऱ्यानं बिल कमिटीकडे ढकललं. कमिटीनं चहा घेतला. दर वेळी रेवसच्या बोटीतून मी हात हलवत परत यायचो.

अलिबागला माझ्या ओट्यावर रावजी बसलेला असायचा. जिल्ह्याच्या आतल्या डोंगरातला हा भातशेतीवाला. त्याची बायको तुळशी गवत कापायला गेली आणि वणव्यात सापडली. तेव्हापासून त्याचं एकच मागणं, "वकीलसायेब, आमचा डोंगर पुन्ना जळू देव नका." मी हो म्हणून बसलो होतो. बिल सोडून द्यावं असं कितीदा वाटलं, पण ओट्यावरच्या या माणसाला काय सांगणार?

१९३५ साली बिल एकदाचं पास झालं. टाळ्या वगैरे काही नाहीत, सगळ्यांना जेवायची घाई होती. रावजीनं मात्र नारळ आणून माझ्या देवापुढे ठेवला.

फाल्गुनात युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर आले. रावजीच्या गावच्या डोंगरावर त्यांनी चुन्याच्या रेघा मारून तुकडे पाडले आणि मला म्हणाले, "यातले निम्मे जाळायचे. जळलेलं आणि राखलेलं शेजारी शेजारी असल्याशिवाय काही कळणार नाही."

"कुठले जाळणार?"

"ते चिठ्ठ्या टाकून ठरेल. आपण निवडले की आपलं मन मध्ये येतं."

रावजीला हे मी कसंबसं सांगितलं. त्यानं करवंदीच्या जाळीजवळच्या तुकड्याकडे बोट केलं. "तुळशी थितं घावली. तेवढा राखा, सायेब."

मी सगळी वकिली पणाला लावली. प्रोफेसर माणूस वाईट नव्हता. चष्मा पुसत म्हणाला, "एक तुकडा मर्जीनं ठेवला की बाकीचे सगळे खोटे पडतील. मग हा पैसा घेतलाच कशाला?" मला त्याचा संताप आला, कारण तो बरोबर बोलत होता.

"म्हंजी कौलच म्हना की," रावजी म्हणाला. आमच्याकडे काही अडलं की गावदेवीच्या पाषाणाला फुलं लावतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार, आणि नंतर कोणी कुरकूर करायची नाही. प्रोफेसरांनी चिठ्ठ्या आपल्या टोपीत टाकल्या. रावजीनं वहाणा काढल्या, टोपीला हात जोडले आणि करवंदीच्या तुकड्यासाठी एक चिठ्ठी उचलली. वाचता येत नसल्यामुळे ती त्यानं माझ्या हातात दिली.

'जाळणे.'

मला खोटं बोलायचं होतं. कोर्टात काय कमी बोललो होतो? पण रावजी माझ्या तोंडाकडेच पाहत होता. त्याला कळलं.

आग पसरू नये म्हणून कडेचं गवत आधीच साफ केलं होतं. हातात ओले टहाळे घेऊन माणसं चारी बाजूंनी उभी राहिली. प्रोफेसरांच्या गड्यानं काडेपेटी काढली तसा रावजीनं हात पुढे केला.

"मी लावतो."

"तू कशाला रे?" माझा आवाज चढला. "दुसरं कोणी लावेल."

"तवा तिला अग्नी द्यायला काय ऱ्हायलंच न्हवतं, सायेब. हाडं तेवढी खाडीत सोडली. द्यायचा ऱ्हायलाय माज्याकडून."

तो अनवाणीच तुकड्याभोवती एक फेरी फिरला, करवंदीजवळ बसला आणि काडी ओढली. वाळलेलं गवत लगेच पेटलं. प्रोफेसर घड्याळ पाहून वेळ लिहून घेत होते. मी डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली. ते पाहून त्यांनी लिहिणं थांबवलं.