काशी न पाहिलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. ठाण्यात मासुंदा तळ्याच्या मागल्या आळीत, एका घराच्या माळ्यावर माझी पेटी पडलेली असते. माझे अंग सागवानी आहे, डोळा पितळेच्या नळीत बसवलेला आहे, आणि मधला चामड्याचा भाता कसरीने खाऊन खाऊन जाळीदार झाला आहे. वर कोणी आलेच, तर पापडाचा डबा शोधायला येते. माझ्याकडे बघून "हे काय धूड" म्हणते आणि खाली जाते. मला राग येतो, पण रागावून करणार काय?

माझ्या पाठीला दुधी काच आहे. पुढचे जग तिच्यावर उमटते ते उलटे, डोके खाली आणि पाय वर. काळ्या कापडाखाली शिरलेला माणूस ते मनातल्या मनात सरळ करून घेतो. मला ती सोय नाही. मला जे दिसले ते तसेच राहिले आहे, आणि आज ते तुम्हांला सांगून टाकायचे आहे.

त्र्यंबकरावांनी मला मुंबईच्या कोटातल्या, म्हणजे आजच्या फोर्टातल्या, एका दुकानातून आणले. तेव्हा ठाण्यात फोटो काढणारा माणूस म्हणजे नवलच होते. मला खांद्यावर घेऊन ते आळीतून निघाले, की बायका पदर ओढून दाराआड होत. तसबीर काढली की आयुष्य घटते, अशी त्यांची समजूत होती. पण त्र्यंबकरावांना माणसांच्या तसबिरींत गोडी नव्हती. त्यांना डोंगर हवे असत, पाणी हवे असे. बाळकुमच्या खाडीतल्या होड्या, मिठागरांतले पांढरे ढीग, कल्याणचा दुर्गाडी किल्ला, हे सारे मी पाहिले आणि काचेवर उतरवले. त्या वेळी मसाला लावलेल्या कोरड्या काचा तयार डब्यांतून मिळू लागल्या होत्या, त्यामुळे लांब जाणे सोपे झाले होते.

माझे सर्वांत जास्त कौतुक केले ते त्र्यंबकरावांच्या वडिलांनी. त्यांना घरात आबा म्हणत. ते कलेक्टर कचेरीत कारकून होते आणि उभ्या जन्मात कल्याणच्या पुढे गेले नव्हते. कागदावर उतरलेले चित्र ते खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ पाहत. एकदा काशी पाहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. मी तुम्हांला घेऊन जाईन, असे त्र्यंबकराव दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी काहीतरी आडवे येई. तेवढ्यात एका श्रावणात आबा तापाने गेले.

अस्थी घरात आणत नाहीत. त्या मडक्यात घालून स्मशानाजवळच्या पिंपळाला टांगल्या होत्या. त्र्यंबकरावांच्या आईचे नाव गोदाबाई. त्यांनी मुलाला सांगितले, की जिवंतपणी घडले नाही ते आता तरी घडू दे, काशीला जाऊन यांना गंगेत सोडून ये. त्र्यंबकरावांनी तांब्याचा एक गडू विकत घेतला, अस्थी त्यात भरल्या आणि गाडीच्या हिसक्यांनी सांडू नयेत म्हणून तांबटाकडून त्याचे तोंड कथलाचा डाख देऊन बंद करून घेतले. प्रवासात कोणाचा हात लागू नये म्हणून गडू ठेवला माझ्या पेटीत. गोदाबाईंनी किंवा घरातल्या कोणी तो गडू पाहिलाच नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढचा सारा घोटाळा त्यातूनच झाला.

काशीची गाडी पकडण्याआधी त्र्यंबकराव काचा घ्यायला कोटातल्या दुकानात गेले. तिथे एक प्रवासी साहेब आला होता. त्याचा फोटोग्राफर आजारी पडला होता आणि बोट दोन दिवसांत सुटणार होती. एडन, सुवेझ, मिसर, इटली. त्याने त्र्यंबकरावांनी काढलेली दुर्गाडीची तसबीर पाहिली आणि विचारले, येतोस का? समुद्र ओलांडला की जात गेली, असा तो काळ होता. त्र्यंबकराव दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी मनाशी ठरवले, की आधी हे, परत येताच काशी. घरी कळायचे कारण नव्हते. काशी, गया, प्रयाग करून यायला त्या काळी महिने लागत, आणि चौकशी कोण करणार?

अशा रीतीने आबा माझ्याबरोबर बोटीत चढले. बोट हेलकावे खाई तेव्हा गडू माझ्या पितळी नळीवर टकटक वाजे. एडनचे करपलेले डोंगर मी पाहिले. वाळूतून सरळ गेलेला कालवा पाहिला. मिसर देशातले दगडी त्रिकोण पाहिले आणि इटलीत धूर ओकणारा डोंगर पाहिला. साहेब खूश होता. त्र्यंबकराव दिवसभर हरखून असत. पण संध्याकाळी मला पेटीत ठेवताना त्यांचा हात त्या गडूला लागला, की ते घाईने पेटीचे झाकण लावून घेत.

नाईल नदीवर एका सकाळी दाट धुके पडले होते. काठाच्या पायऱ्या, दोनचार होड्या आणि पाण्यात उतरलेली माणसे, एवढेच दिसत होते. ते चित्र साहेबाने नापसंत केले आणि काच त्र्यंबकरावांकडेच राहिली. त्या दिवशी त्यांनी गडू बाहेर काढला, पाण्यापाशी नेला, आणि पुन्हा आणून पेटीत ठेवला. आईने गंगा सांगितली होती.

परत मुंबईस उतरलो तेव्हा त्यांच्या अंगात ताप होता. चार दिवस घरी पडून बरे वाटले की काशीला निघू, असे म्हणून ते ठाण्यास आले. काशीचे काही विचारण्याआधीच घरच्यांनी त्यांना आंघोळीला आडावर पाठवले. इकडे त्यांची बायको सुमती माझी पेटी पुसायला बसली. तिने झाकण उघडले, आणि तिला डाख दिलेला तांब्याचा गडू दिसला.

मित्रांनो, काशीहून येणारा माणूस गंगा आणतो ती अशाच गडूत, असेच तोंड बंद करून. सुमतीने सासूला हाक मारली. "आई, गंगा आणली आहे."

त्र्यंबकराव ओल्या पंचाने आत आले तेव्हा गडू देव्हाऱ्यात होता. त्याला गंध लागले होते, वर तुळस होती, आणि शेजारच्या बायका हात जोडून उभ्या होत्या. गोदाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. त्र्यंबकरावांनी तोंड उघडले. मला वाटले, आता बोलतील. पण त्यांनी आईकडे पाहिले आणि तोंड मिटून घेतले.

काशीहून आले की मावंदे घालतात, गंगेची पूजा करून चार लोकांना जेवायला बोलावतात. मावंदे झाले. कल्याणहून गोपीनाथभट आले होते. तरुणपणी आपण काशी केली, असे ते सगळीकडे सांगत. अस्थी कुठल्या घाटावर सोडल्या, असे गोदाबाईंनी मुलाला पंक्तीतच विचारले. माझ्या काचांवरून कागदावर उतरवलेली चित्रे, साहेबाने दिलेल्या प्रती धरून, तोवर घरात आली होती. त्र्यंबकरावांनी धुक्यातली नाईल पुढे केली. गोपीनाथभटांनी चित्र डोळ्यांशी धरले आणि ठामपणे सांगितले, की हा दशाश्वमेध, याच पायरीवर मी स्नान केले. भटजींनी काशी खरोखर पाहिली होती की नाही, याची मला तेव्हापासून शंका आहे. पण त्यांच्या शब्दाने गाठ पक्की बसली. गोदाबाईंनी ते चित्र देव्हाऱ्यात गडूच्या मागे लावले.

माझे चित्र देवांत बसले. कोणत्याही कॅमेऱ्याला एवढा मान मिळाला नसेल. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गडू फोडून पंक्तीला तीर्थ द्यावे, असे कोणीतरी सुचवले. गोदाबाईंनी नको म्हटले. "तो माझ्या शेवटच्या घोटासाठी राहू दे," त्या म्हणाल्या. त्र्यंबकरावांनी हातातला घास परत पानात ठेवला.

त्यानंतर त्या घरात सुख असे राहिले नाही. गोदाबाई रोज सकाळी गडूला फूल वाहत आणि त्र्यंबकराव त्या वेळी घराबाहेर पडत. भुलेश्वराजवळ गोसावी गंगेचे गडू विकतात, तसा एक आणून बदलून ठेवावा, असे त्यांनी सुमतीला एकदा सांगितले. तिला सगळे कळले ते त्या दिवशी. ती म्हणाली, की देव्हाऱ्यातून सासऱ्यांना असे चोरून उचलायला माझा हात होणार नाही. त्र्यंबकरावांचाही हात झाला नाही. नाशिक जवळ होते, गोदावरी होती. पण अस्थी गंगेत सोडल्या, असे ते आईला सांगून बसले होते, आणि दुसऱ्या नदीत सोडणे म्हणजे एका खोट्यावर दुसरे खोटे. पुढच्या महिन्यात काहीतरी निमित्त काढून काशीला जाऊ, असे ते म्हणत राहिले. आबांना वर्षानुवर्षे हेच तर सांगितले होते त्यांनी.

मला घेऊन ते खाडीवर जात, तीन पायांच्या तिकाटण्यावर उभे करत, काळ्या कापडाखाली शिरत आणि तसेच बाहेर येत. काचा संपल्या त्या पुन्हा आणल्या नाहीत.

आबांचे वर्षश्राद्ध झाले, आणि त्यानंतरच्या फाल्गुनात गोदाबाई अंथरुणाला खिळल्या. वैद्यांनी मान हलवली. मला त्यांच्याच खोलीत कोपऱ्यात ठेवले होते, म्हणून पुढचे मी पाहिले आहे. एका दुपारी त्यांनी मुलाला जवळ बोलावले.

"त्र्यंबक, तो गडू उतर. आता उघडून ठेव, ऐन वेळी धांदल नको."

त्र्यंबकराव जागचे हलले नाहीत. "आई, त्यात गंगा नाही."

"मग काय आहे?"

"आबा आहेत."

मग त्यांनी सगळे सांगितले. बोट, साहेब, समुद्र, नाईल, काही लपवून ठेवले नाही. गोदाबाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाच्या हातून पाणीसुद्धा घेतले नाही. अस्थी घरात, त्याही देवांत. वर्षश्राद्ध झाले ते कोणाचे, आणि स्वारी इतके दिवस अधांतरी लोंबकळत राहिली की काय, असे त्या सुमतीला पुन्हा पुन्हा विचारत.  त्र्यंबकराव दाराबाहेर ओसरीवर बसून होते. ते रडत होते, हे सगळ्या आळीने ऐकले.

तिसऱ्या दिवशी गोदाबाईंनी त्यांना आत बोलावले. गडू देव्हाऱ्यातून काढायला लावला आणि अंथरुणावरून दिसेल असा, परसातल्या पारिजातकाला टांगायला सांगितला. त्र्यंबकराव म्हणाले, की आजच गाडीने निघतो, काशीला पोचवून येतो. गोदाबाईंनी त्यांचा हात धरला.

"आता घाई करू नकोस. थोडं थांब. दोघांनाही बरोबरच ने."

मित्रांनो, मी अनेक देशांचे डोंगर आणि नद्या पाहिल्या. पण एवढे शांत तोंड मी कुठे पाहिले नाही, आणि त्या वेळी माझ्यात काच नव्हती.

मग त्यांनी ती चित्रे मागितली. पुष्कळ होती, आणि प्रत्येकाचे खरे नाव त्यांना ऐकायचे होते. त्र्यंबकराव सांगत, हे एडन, हा सुवेझचा कालवा, हा इटलीतला धुराचा डोंगर. प्रत्येक चित्राला गोदाबाई विचारत, तेव्हा स्वारी बरोबर होती ना? होती, असे त्र्यंबकराव म्हणत. एकदा त्या हसल्यासुद्धा. म्हणाल्या, "कल्याणच्या पुढं कधी गेले नाहीत, आणि मला न सांगता एवढं हिंडून आले." नाईलचे चित्र आले तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. ते त्यांनी पालथे घालून बाजूला ठेवले. काही गोष्टी माफ होतात, पण त्यांची सल जात नाही.

चैत्रात त्या गेल्या. शेवटच्या घटकेला गोपीनाथभट आपल्याजवळचा गंगेचा गडू घेऊन आले होते. गोदाबाईंनी नको अशी खूण केली आणि मुलाकडे पाहिले. त्र्यंबकरावांनी पळीत पाणी घेतले, त्यात तुळशीचे पान टाकले आणि त्यांच्या ओठांशी नेले.

"आई, हे आपल्या आडाचं पाणी आहे," ते म्हणाले.

गोदाबाईंनी होकाराची मान हलवली आणि त्या ते पाणी प्याल्या.

तेराव्याला त्र्यंबकरावांनी चार लोकांत स्वतःहून सगळे सांगितले. काही घरांनी त्यांच्याकडे येणे-जाणे बंद केले. ते दोन गडू घेऊन काशीला गेले आणि प्रायश्चित्त घेऊन परत आले. मला त्यांनी बरोबर नेले नाही. काशीचे खरे चित्र आता दाखवायचे कोणाला, असे ते सुमतीला म्हणाले आणि मला माळ्यावर ठेवले. तेव्हापासून मी इथेच आहे.

मला खाली न्या, पुसा, भात्याला नवे चामडे लावा, असे मी म्हणणार नाही. म्हणावेसे वाटते, पण म्हणणार नाही. माझे मागणे वेगळेच आहे. मित्रांनो, तुम्ही लांब लांब जा. नद्या पाहा, डोंगर पाहा, त्यांची चित्रे घरी आणा. पण चित्र दाखवाल तेव्हा जागेचे खरे नाव सांगा, आणि ऐकणारे माणूस आहे तोवरच सांगा. त्र्यंबकरावांना थोडे दिवस तरी मिळाले. सगळ्यांना तेवढेही मिळत नाहीत.