उतरवलेले नऊशे युरो

नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या त्या चिमुकल्या घरात वसुधा आणि हरिहर सोळा वर्षं राहत होते, पण ऊब काय ती फक्त बैठकीच्या खोलीत. तिथं कपाटाएवढा जुना गॅसचा हीटर होता आणि हिवाळाभर घरातली सगळी माणसं मांजरासारखी त्याच्याभोवती गोळा व्हायची. सगळी म्हणजे दोघंच. वर दोन खोल्या होत्या, मोठी या दोघांची आणि मागची लहान पाहुण्यांची. दोन्ही इतक्या गार की झोपायला वर जायच्या आधी वसुधा स्वेटर काढायची नाही, चढवायची.

हरिहर तिथल्या प्रयोगशाळेत बटाट्याच्या रोगांवर काम करायचा. "तुमच्या गोदामातले बटाटे आपल्यापेक्षा सुखात आहेत," असं ती दर नोव्हेंबरात म्हणायची. त्यावर हरिहरचं ठरलेलं उत्तर असायचं, "अगं, दोन वर्षांत परत जायचंच आहे. कशाला भिंती फोडायच्या?" ती दोन वर्षं काही संपत नव्हती.

२०११ साली तिचे आई-अप्पा आले होते. अप्पा, म्हणजे नीळकंठराव. इचलकरंजीच्या सूतगिरणीत कामगारांच्या वेळा टिपणारा टाइमकीपर म्हणून त्यांचा जन्म गेला. तीन महिन्यांसाठी आलेली ती दोघं अठराव्या दिवशी परत निघाली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचाय, बँकेत स्वतः उभं राहावं लागतं, असं अप्पांनी सांगितलं. आई पुढं फोनवर बोलून गेली, "अगं, खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ धरायचा. तुला सांगायचं नाही म्हणून मला दम दिला होता त्यांनी."

मग २०१३च्या डिसेंबरात आई गेली. अप्पा दोन खोल्यांत एकटे राहिले, स्वतःचा भात स्वतः लावून. पुढचा, वर्षश्राद्धाचा डिसेंबर त्यांनी तिथं एकट्यानं काढू नये म्हणून वसुधानं सहा महिने फोनवर त्यांची मनधरणी केली. लेकीच्या घरी तीन महिने म्हणजे काय, शोभतं का, वगैरे सगळं झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ती मागची खोली... तशीच आहे का गं अजून?"

"नाही अप्पा. हीटिंग घालतोय आता. सगळ्या घराला."

"सगळ्या घराला?"

"सगळ्या."

"मग येतो," अप्पा म्हणाले. "दाखला आधीच देऊन येतो."

हरिहरला हे तिनं नंतर सांगितलं. त्यानं भिंतीवर एकदा बोटानं ठोकून पाहिलं, आणि त्या दोन वर्षांचा विषय काही काढला नाही.

सप्टेंबरात हीटिंग बसवणारा खेरिट आला. साठीचा, उंच माणूस, पांढरी व्हॅन, एकट्याचा धंदा. दोन तास घरभर टॉर्च घेऊन फिरला, फरशीवर पालथा पडून पाहिलं, आणि आठवड्यानं कोटेशन घेऊन कॉफीला बसला. माळ्यावर पाणी तापवणारा बॉयलर, ते गरम पाणी फिरवायला भिंतींना पाच रेडिएटर, सगळे पाइप धरून सात हजार आठशे ऐंशी युरो.

आता हरिहरचं एक व्रत होतं. सांगितलेली किंमत पहिल्या फटक्यात द्यायची नाही. भाजीवाल्यापासून ते लग्नाच्या हॉलपर्यंत त्यानं ते पाळलं होतं. या देशात ते पाळायला जागाच नव्हती, आणि आज सोळा वर्षांनी समोर चक्क एक आकडा सांगणारा माणूस बसला होता. हरिहरनं कागद दूर सरकवला. चष्मा काढला. सुस्कारा टाकला.

वसुधा स्वयंपाकघरात दूध तापवत होती. दोघांचं इंग्रजी तिला ऐकू येत होतं.

"हे फार होतंय, खेरिट. काहीतरी कमी करा."

"काय कमी करू?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही त्यातले जाणकार."

खेरिटनं कागद पुन्हा पुढं ओढला. मग त्यानं विचारलं, "कुठली खोली तुम्ही सगळ्यात कमी वापरता?"

"सध्या? मागची लहान. रिकामीच असते," हरिहर मोकळेपणानं म्हणाला. सौदा रंगात आला की समोरचा घरच्या चौकशा करतो, असा त्याचा अनुभव होता.

हे सगळं वसुधानं ऐकलं. दूध उतू जात नाही ना, हे बघत ऐकलं.

सुधारलेलं कोटेशन पोस्टानं आलं. तीन पानं, सगळी डचमध्ये. हरिहरचं सगळं काम इंग्रजीत चालायचं. डच वाचायची ती वसुधा. ती एका बियाण्यांच्या लॅबमध्ये उगवलेले कोंब मोजायची. चारशे दाण्यांतला एक मेलेला दाणा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. हरिहरनं कागद तिच्या हातात दिले. "वाच गं नीट," म्हणाला. तिनं शेवटचं पान उलटलं. सहा हजार नऊशे ऐंशी.

"नऊशे उतरवले!" हरिहर खुर्चीतून उठलाच. "आणि लोक म्हणतात, ही माणसं भाव करत नाहीत. करणारा लागतो!"

किती दिवसांनी तो असा हसला होता. तिनंही हसून पेन पुढं केलं, दोघांनी सह्या केल्या. मधलं पान तिनं वाचलं नाही.

नोव्हेंबरात काम झालं, चार दिवस. दोघंही कामावर जायची. शेवटच्या दिवशी वसुधा सायकल लावून आत आली आणि दारातच थबकली. घर गरम होतं. पॅसेजमध्येसुद्धा. जिन्यात, न्हाणीत, झोपायच्या खोलीत, जिथं हात लावावा तिथं पांढरा, कोमट लोखंडी तुकडा. तिला रडूच आलं थोडं. मग तिनं मागच्या खोलीचं दार उघडलं.

खिडकीखालची भिंत उघडी होती. दोन खिळे होते, जुन्या कॅलेंडरचे.

खेरिट खाली हत्यारं भरत होता.

"मागच्या खोलीचा उद्या बसवणार का?" तिनं डचमध्ये विचारलं.

"मागच्या खोलीचा? तो तर काढला ना आपण."

"काढला म्हणजे?"

त्यानं व्हॅनमधून फाइल आणली आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. लहान मागची खोली: रेडिएटर आणि पाइप वगळले. वजा नऊशे. शेवटच्या पानावर तिघांच्या सह्या.

"तुमचे मिस्टर म्हणाले, कमी करा. मी विचारलं कुठली खोली, त्यांनी सांगितली." त्याचा चेहरा पडला. "मी फसवलं नाही हो तुम्हाला. माझ्या कामात कमी करण्यासारखं नसतं काही. काम कमी केलं तरच पैसे कमी होतात."

"नाही, नाही. चूक आमची."

"आता करायचं तर न्हाणीची फरशी उचकटावी लागेल. आणि माझ्याकडे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत एक दिवस मोकळा नाही."

अप्पांचं विमान नऊ दिवसांवर आलं होतं. वसुधानं आणखी चौघांना फोन केले. ऐन थंडीत हीटिंगवाला मागणं म्हणजे ऐन लग्नसराईत भटजी मागणं. दोघं हसले, दोघांनी फोनच उचलला नाही.

हरिहर संध्याकाळी आला तेव्हा ती कागद पुढ्यात घेऊन बसली होती. त्यानं वाचून घेतलं, म्हणजे तिनं वाचून दाखवलं.

"पण असा कसा काढला त्यानं? भाव कर म्हटलं होतं, खोली काप नव्हतं म्हटलं!"

"त्यानं तुम्हाला विचारलं होतं."

"मला वाटलं, गप्पा मारतोय. आणि तू? तुला तर वाच म्हणून दिलं होतं ना?"

"हो," वसुधा म्हणाली. "दिलं होतं."

त्यावर दोघांनाही पुढं भांडता येईना. निम्मं निम्मं वाटून घेतलेलं भांडण कुणालाच पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी हरिहर विजेचा हीटर घेऊन आला, चांगला, दीडशे युरोंचा. किंमत सांगितली नाही.

अप्पा आले ते दोन बॅगा, मेतकूट आणि हयातीच्या दाखल्याची पावती घेऊन. पावती त्यांनी आल्या आल्या दाखवली. या वेळी मागं काही ठेवून आलो नाही, हे सांगायची त्यांची ती रीत. मग घरभर फिरले. प्रत्येक रेडिएटरला हात लावून पाहिला. मागच्या खोलीत गेले, भिंतीकडे पाहिलं, विजेच्या हीटरकडे पाहिलं, आणि म्हणाले, "झकास."

काही विचारलं नाही. वसुधा दोन दिवस वाट पाहत राहिली, की विचारतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन वर गेली. अप्पा माकडटोपी, दोन स्वेटर आणि वर रजई अशा थाटात पलंगावर बसले होते. तोंडातून वाफ निघत होती. हीटर थंड.

"अप्पा! बंद का केलात?"

"गरम होतं गं फार."

"वाफ निघतेय तोंडातून."

"चहाची असेल."

"चहा अजून माझ्या हातात आहे."

ते हसले, पण हीटर लावू देईनात. मग हे रोजचंच झालं. ती रात्री लावून जायची. पावलं जिन्यावर उतरली की आतून खटका वाजायचा. दिवसा मात्र ते खाली रेडिएटरला पाठ लावून तासन्‌तास वर्तमानपत्र वाचायचे.

"याला वेगळा मीटर आहे का गं?" एकदा त्यांनी पाठीमागच्या रेडिएटरवर हात ठेवून विचारलं.

"नाही. सगळ्या घराचा एकच."

"तेच म्हणतो. हा चालला म्हणजे घरासाठी चालला. तो वरचा मात्र नुसता माझ्यासाठी जळतो."

वसुधाची पोळी तव्यावर तशीच राहिली. तीन आठवडे ती थंडीशी भांडत होती, आणि भांडण थंडीशी नव्हतंच. भिंतीतून आलेली ऊब कुणाच्या नावावर चढत नाही. खटका दाबून घेतलेली चढते. जन्मभर दुसऱ्यांच्या मिनिटांचा हिशोब ठेवलेला माणूस, तो जावयाच्या घरात स्वतःच्या नावावर रात्रभर वीज कशी चालू ठेवील?

"आमच्या खोलीत झोपा," ती म्हणाली. "आम्ही मागं जातो."

"लेक-जावयाला पलंगावरून उठवू? ठिकाणावर आहे ना डोकं?"

"मग खाली सोफ्यावर."

"आणि हरिहरराव सकाळी सहाला निघताना सासऱ्याला ओलांडून जाणार."

आईचं वर्षश्राद्ध झालं. त्या रात्री जेवताना हरिहरनं मधेच घास ठेवला. "अप्पा, एक सांगायचंय. तुमच्या खोलीतला रेडिएटर... तो माझ्यामुळे राहिला." आणि मग त्यानं सगळं सांगितलं, खेरिट, कोटेशन, ते नऊशे युरो, काहीही न लपवता. वसुधानं मधल्या पानाचं आपलं सांगितलं.

अप्पा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी ताकाचा घोट घेतला.

"बरोबरच केलंत की."

"बरोबर नाही अप्पा, चूक झाली! आम्हाला ठाऊकच नव्हतं."

"हो हो. झाली असेल."

"असेल नाही, झाली. मी कागद दाखवते तुम्हाला."

"कागद कशाला? मी कुठं काय म्हणतोय?" त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "तीन महिन्यांच्या माणसासाठी कोण फरशा उचकटतं? मीही नसत्या उचकटल्या."

वसुधानं तरीही कागद आणून ठेवला. डचमधला. अप्पांनी तो मान राखून हातात धरला, उलटून पाहिला, घडीवर घडी करून परत दिला. खरी गोष्ट इतकी बनावट वाटू शकते हे तिला ठाऊक नव्हतं. आधीच खोटं सांगितलं असतं, पाइप मिळाले नाहीत, सरकारनं परवानगी दिली नाही, तर त्यांनी विश्वास ठेवला असता.

नाताळ झाल्यावर अप्पांनी हरिहरला बाजूला घेऊन तिकीट बदलायला सांगितलं. अकरा जानेवारी. इचलकरंजीतल्या शेजारचे हरी सुताराचे लोक गावाला चाललेत, दोन्ही घरांच्या किल्ल्या कुणाकडे राहणार, असं कारण होतं. हरिहरनं ते वसुधाला जसंच्या तसं सांगितलं आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

दहा तारखेला, शनिवारी दुपारी, ती मागच्या खोलीत गेली. अप्पा बॅग भरत होते. खिडकीची काच आतून ओली होती. तिनं हीटर लावला आणि पलंगावर बसली.

"फेब्रुवारीत येतोय तो माणूस, अप्पा. नऊ तारखेला. बसवतोय आम्ही."

"बसवा की. घराला चांगलं."

"थांबा ना. एकच महिना आहे."

"वसू, मी काय रागावून चाललोय का?"

"नाही. रागावला असतात तर थांबवता आलं असतं."

अप्पा पुन्हा भरायला वळले. बॅगेत एक सदरा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग येऊन तिच्या शेजारी बसले. रजईचं एक टोक उचलून त्यांनी तिच्या गुडघ्यांवर टाकलं, लहानपणी टाकायचे तसं न बघता. हीटर घरघरत होता. हळूहळू खोलीतली ओल हटली, अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

खालून हरिहरची हाक आली. पानं घेतली होती. आमटी निवत होती.

वसुधानं ओ दिली नाही. ती उठली असती तर अप्पांनी खटका बंद केला असता. ती तशीच बसून राहिली.