हरणाबाईंची कात्री

राजेश्वरीला आपल्या मराठीचा भारी तोरा होता. सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात ती समुपदेशक होती आणि डॉक्टरमंडळी पेशंटशी पुस्तकी बोलतात म्हणून त्यांना खुशाल टोमणे मारायची. अवयवदानाच्या मुलाखतीचे प्रश्नही तिनं हट्टानं स्वतःच, सोप्या बोलीत लिहून काढले होते. कोरेगावच्या ऊसवाल्या घरातली लेक ती. आपल्याला बोली कोण शिकवणार, असा तिचा समज होता.

तो समज एका मंगळवारी पार भुईसपाट झाला.

आटपाडीकडच्या हरणाबाई आपल्या मुलाला, मल्हारला, मूत्रपिंड देणार होत्या. मेंढरं राखून जन्म गेलेली बाई. मल्हार एकतीस वर्षांचा, आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर. तपासण्या जुळल्या होत्या, ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं. राहिली होती फक्त समितीपुढची मुलाखत. बाई आपखुशीनं देतेय की कुणी तिला भरीस घातलंय, एवढंच बघायचं होतं. टेबलामागे तीन डॉक्टर, समोर कॅमेरा आणि प्रश्न विचारायला राजेश्वरी.

"मावशी, घरच्यांनी तुमची कोंडी केलीय का?"

"केलीया की, समद्यांनी मिळून."

राजेश्वरीनं घाईनं पुढचा प्रश्न घेतला. "म्हणजे तुम्ही कात्रीत सापडलाय?"

"व्हय. कात्रीत आल्यावर गप पडून ऱ्हायचं. दुसरं काय?" आणि हरणाबाई चक्क हसल्या.

अध्यक्ष डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "बाई स्वतःच सांगतायत की त्यांच्यावर दडपण आहे. रेकॉर्ड झालंय. आता पुढच्या बैठकीत बघू."

पुढची बैठक महिन्यानं होती, आणि मल्हारची तब्येत महिनाभर कळ काढण्यासारखी राहिली नव्हती. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, एका हरणाबाईंना सोडून. राजेश्वरीनं हात जोडले. "सर, थोडा वेळ द्या. माझंच काहीतरी चुकलंय."

"चहा होईपर्यंत," अध्यक्ष म्हणाले.

तिनं हरणाबाईंना बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. आपल्या शहाणपणापायी एका माणसाचा जीव जातोय की काय, या भीतीनं तीही शेजारी टेकली.

"मावशी, खरं सांगा. कोंडी केली म्हणजे घरच्यांनी काय केलं?"

"आता गं! मेंढरं न्हाई का आमी जाळी लावून कोंडत, लांडगा येऊ नये म्हनून? तशी बसली की समदी माज्या भवती. ल्योक म्हनला, आई, नगं. सून म्हनली, मी देती. भाव तर दारातच आडवा झाला. मी म्हनलं, सोडा मला, लय झालं."

राजेश्वरीच्या आता ध्यानात आलं. म्हणजे घरच्यांनी बाईला देण्यासाठी नव्हे, देऊ नये म्हणून अडवलं होतं.

"आणि कात्री?"

"तुमी कुठल्या गं?"

"कोरेगाव."

"मग तुमच्याच रानात येतोय की आमी खतासाठी मेंढरं बसवाय! लोकर कातरताना बघितलं न्हाईस कवा?"

बघितलं होतं. नाकाला ओढणी लावून बांधावरून लगबगीनं जाताना बघितलं होतं.

"मेंढी कात्रीत आली की पयल्यांदा लय तडफडती," हरणाबाई सांगू लागल्या, आणि त्यांचे हात मांडीवर एखादी मेंढी धरल्यासारखे हळूच स्थिरावले. "मग तिला उमगतं, ह्यो हात मारनारा न्हवं. मग जी गप पडती! उठती तवा अशी हलकी हुती, चार उड्या हानती. तिचं वझं जातं आन दुसऱ्याला घोंगडं हुतं. तशी हाय मी. घाबरल्याली न्हाई."

आयुष्यभर राजेश्वरी अडकलेल्या माणसाला कात्रीत सापडलेला म्हणत आली होती. त्याच शब्दाच्या पलीकडं एवढं मोठं माळरान पसरलेलं आहे, याचा तिला पत्ताच नव्हता.

चहा झाला होता. आत जाऊन हरणाबाईंनी तेच सगळं कॅमेऱ्यापुढं पुन्हा सांगितलं, तितक्याच खुशीत. दोन डॉक्टरांनी माना हलवल्या. अध्यक्ष मात्र खट माणूस.

"सगळं एवढं सोपं कसं, आजी? देऊ की नको, असं एकदाही झालं नाही? अवघड गेलंच नाही काही?"

हरणाबाईंचं हसू मावळलं. त्यांनी पदर नीट केला.

"आवं सायेब, मल्हार जुळ्यातला हाय. दुस्काळ हुता. चाऱ्यामागं आमी चालत हुतो. मेंढरं आटल्याली, आन माज्या अंगावर दूध एकापुरतंच. दोगांस्नी पाजलं असतं तर दोगं बी गेली असती. मी एकाला लावलं."

अध्यक्षांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"दुसरी लेक हुती. रडायची बी न्हाई. माज्याकडं नुसती बघायची." त्या राजेश्वरीकडं वळल्या. "त्येला काय म्हनत्यात गं पोरी? तुमी शिकल्याल्या. हाय का त्येला शबुद?"

पेच, द्विधा, उभयसंकट, धर्मसंकट. राजेश्वरीकडं शब्दांना काही तोटा नव्हता. पण त्यातला एकही उचलून त्या बाईपुढं ठेवायची तिची हिंमत होईना.

"नाही, मावशी," ती कशीबशी म्हणाली.

"मला बी गावला न्हाई. एकतीस वर्सं झाली." हरणाबाईंनी अध्यक्षांकडं सरळ बघितलं. "तवा एकाचं काढून दुसऱ्याला द्यायचं हुतं. आवंदा कुनाचंच काढून न्हाई घ्यायचं. माजंच हाय, नुसतं द्यायचं हाय. ह्येला अवघड म्हनू व्हय?"

अध्यक्षांनी कागद जवळ ओढला आणि सही केली. राजेश्वरीनं कॅमेरा बंद केला, टेबलाला वळसा घालून आली आणि सगळ्या समितीदेखत हरणाबाईंच्या पाया पडली.