झील धरणारी

“ह्यो तू घाल गो,” म्हणत रत्नप्रभाने हेडफोन माझ्याच डोक्यावर चढवला आणि माझ्या गालाला गाल लावून उभी राहिली. घाटकोपरच्या त्या चकचकीत दुकानात, भर दुपारी! चार पोरं वळून बघायला लागली. मी म्हटलं, “रत्ने, सरक ना जरा. लोक काय म्हणतील?”

“गप ऱ्हव. ऐकतंय मी.”

काउंटरवरची मुलगी चांगली होती. छातीवर दीप्ती असं नाव लावलेलं. ती हसू दाबत म्हणाली, “काकी, हेडफोन नक्की कोणाला घ्यायचाय?”

“माका.”

“मग तुम्ही घालून बघा ना. साउंड कसा आहे ते कळायला नको?”

“माका आतला ऐकूचा नाय. भायर काय येता तां ऐकूचा आसा.”

दीप्तीने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार कपाळ? या दुकानात दिवसभर माणसं येतात, बेस किती, बॅटरी किती चालते, कान दुखतात का, असं विचारतात. हेडफोन दुसरीच्या डोक्यावर घालून बाहेरून कान लावणारी बाई त्या पोरीने बघितलीच नसणार. पण रत्नप्रभाला जे हवं होतं ते तसंच तपासायला लागणार होतं.

ती आमची शेजारीण. आमच्या बिल्डिंगीत तिचं आणि माझं घर एका भिंतीचं. तिचा नवरा धोंडू परब, पण धोंडू कोण म्हणणार? बुवा. कणकवलीकडचे डबलबारीचे बुवा. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, समोरासमोर बसून रात्रभर. आमच्या घरात भजन नाही, आमची भीमगीतं. तरी बुवा पेटी घेऊन तालमीला बसले की मी गॅस बारीक करून ऐकायचे. आवाज कसला होता माणसाचा! खडा. आणि तालमीला कोरस कुठून आणणार? मग रत्नप्रभाच चपात्या लाटता लाटता मागून झील धरायची. त्यांनी ओळ टाकायची, हिने ती उचलायची. चारचौघांत मात्र ती कधी गायली नाही. “बायल माणसान बारीत काय गावचा,” म्हणायची आणि परत लाटणं हातात घ्यायची.

मग बुवांच्या घशात गाठ निघाली. परळला ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला भोक, त्यात नळी, श्वास तिथूनच. मी जन्मभर म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात आया होते, म्हणून नळी साफ करायला मीच शिकवलं हिला. असले गळे खूप बघितले होते, पण बुवांचा बघवेना. घरी आल्यावर नितेश म्हणून त्यांच्या मंडळातला झांजवाला भेटायला आला. त्याला वाटलं, बुवांना बरं वाटेल. मेल्याने मोबाइल काढला आणि बुवांचीच जुनी बारी लावली. बुवा उठले. मोबाइल हिसकावला, तांदळाच्या डब्यात खुपसला, वर झाकण दाबून धरलं आणि तसेच उभे राहिले. तोंड उघडं, आवाज नाही, नुसती गळ्यातून हवा. त्या दिवशी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. पेटी देऊन टाकली. त्या घरात त्यांचा आवाज बंद झाला, मेल्या माणसाचं नाव घेत नाहीत तसा.

सगळ्यांना बुवांची काळजी. हिचं कोणी विचारलं का? अख्ख्या संसारभर जो आवाज कानात होता तो गेला हिचाही. नितेशकडून तिने बारी मोबाइलमध्ये घेतली होती, पण ऐकणार कुठे? एका खोलीचं घर. गच्चीवर गेली तर खाली बुवांना खोकला लागणार, नळी तुंबली तर माणूस गुदमरणार. हाक मारायला त्यांच्याकडे आवाज कुठे होता? माझ्याकडे येऊन दोनदा बसली, दोन्ही वेळा अर्ध्यातून पळाली. मोरीत नळ सोडून ऐकायला लागली तेव्हा मीच ओरडले, “पाणी काय तुझ्या बापाचं आहे?” मग रडली. म्हणाली, “शकु, एकदा त्येंचो आवाज पुरो ऐकाक गावलो तर माका दुसरा कायेक नको. पण त्येंका कळता नये. त्येंचो जीव जाईत.”

म्हणून मजल्यावरच्या एकीला बुवांजवळ बसवून आम्ही त्या दुकानात.

पहिला हेडफोन हलका होता, कानावर नुसता टेकणारा. दीप्तीने धांगडधिंग्याचं हिंदी गाणं लावलं. रत्नप्रभा म्हणाली, “ह्यो बोलता गो. भायर बोलता.” बाटलीत माशी अडकल्यासारखं बाहेर गुणगुणत होतं म्हणे. बाहेर एवढंसं जरी आलं तरी बुवांचा कान ते पकडणार. पखवाजाची वादी किंचित सैल झाली तरी त्यांना कळायचं. दुसरे कानात खोचायचे बोंडके. ते तिच्या कानात राहीनात, एक तर टुणकन काउंटरखाली गेलं आणि दीप्ती बिचारी गुडघ्यावर बसून शोधत बसली.

तिसरा मोठा. मऊ गाद्या, अख्खा कान झाकणारा. दीप्ती म्हणाली, “याच्यात बाहेरचं तुम्हाला काही ऐकू येणार नाही, आणि तुमचंही बाहेर जाणार नाही. पण काकी, कुडी टोचेल हं.”

“माझ्या मोबाइलातला लाव गो,” रत्नप्रभा म्हणाली.

दीप्तीने मोबाइल जोडला. आणि माझ्या कानात बुवा आले.

अगं बाई गं! मला माहीत होतं काय लागणार आहे, तरी मी काउंटर धरला. ती त्यांनी स्वतः रचलेली गौळण होती. नदीवर गेलेली बाई, घागर भरली, आता ती डोक्यावर चढवायला हात द्यायला कोणी नाही. बुवा खड्या आवाजात टाकायचे, “घागर भरली काठोकाठ...” आणि मागून सगळा कोरस, “उचलून देईल कोण रे, उचलून देईल कोण?” माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रत्नप्रभा मात्र माझ्या गालाला कान चिकटवून, डोळे मिटून, श्वास रोखून उभी.

“येतंय का काही बाहेर?” मी विचारलं. मला वाटतं मी ओरडलेच, कारण दुकानातले सगळे परत वळले.

“कायेक नाय,” ती म्हणाली. कितीतरी महिन्यांनी हसताना दिसली मला. मग स्वतः घालून बघितला. कुडी खरंच टोचली. तिने तिथेच दोन्ही कुड्या काढल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि म्हणाली, “ह्योच दी.”

मी वाटेत म्हटलं, “अगं, त्यांना खोकला आला तर तुला ऐकू कसा येणार?”

तिने विचार करून ठेवला होता. “खाटेक पाठ लावन बसतलंय. खोकले की खाट हालता.” बुवांना सांगायचं, सिरियल ऐकते, तुमची झोपमोड नको.

झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी घासत होते, आणि भिंतीतून आवाज आला.

“उचलून देईल कोण रे, उचलून देईल कोण?”

माझ्या हातातून पातेलंच निसटलं. रत्नप्रभा! मोठ्याने, पार गळा काढून. मग शांत. मग परत, “उचलून देईल कोण रे...” वाट लागली म्हटलं! आवाज बाहेर येतो का हे आम्ही बायांनी गाल लावून लावून तपासलं, आणि कान बंद झाले की माणसाला स्वतःचा आवाजच कळत नाही, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. दुकानात मी स्वतः ओरडले होते तरी! बारी ऐकताना हिने सवयीने झील धरली होती, आणि हिला त्याचा पत्ताच नव्हता. बुवा मधल्या वेळात काय करत असतील? परत डबा? परत उपास? मी हात न पुसता धावले.

दार नुसतं लोटलेलं होतं. रत्नप्रभा जमिनीवर, खाटेला पाठ लावून, पाय पसरून, डोळे मिटून. मोकळ्या कानांवर तो मोठा हेडफोन. आणि तिच्या मागे खाटेवर बुवा उठून बसलेले.

ती थांबली, की बुवांचे ओठ हलायचे. घागर भरली काठोकाठ. शब्द न् शब्द दिसत होता. गळ्यातल्या नळीतून हवा जात होती, तिचा बारीक आवाज येत होता, दुसरा काही नाही. उजवा हात मांडीवरच्या गोधडीवर पेटीसारखा फिरत होता. ओळ संपली की डावा हात वर, कोरसाला इशारा द्यावा तसा, हिच्या डोक्याच्या वर. आणि पुढे बसलेली ही, मागे काय चाललंय माहीत नसताना, बरोब्बर त्याच घटकेला उचलायची. चुकणार कशी? तिच्या कानात तेच बुवा होते ना.

मी पुढे झाले, तिला हलवायला. बुवांनी मला बघितलं. हात तसाच वर थांबला, मग खाली आला, आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या बिल्डिंगीला माहीत आहे. कोणाची सून कधी रुसली हे मी पाण्याची मोटर चालू होण्याआधी चौथ्या मजल्यापर्यंत पोचवते. पण ज्याच्या गळ्यात आवाज उरला नाही त्या माणसाने गप्प बस म्हटल्यावर मी काय करणार? मी मागच्या मागे दार लोटलं आणि जिन्यात बसून रडले.

पुढे रोजचंच झालं. दुपारची भांडी झाली की भिंतीतून झील यायची, आणि मधल्या जागा रिकाम्या. मजल्यावरच्या बायकांना मी दम देऊन ठेवला होता, कोणी तिच्याजवळ तोंड उघडलं तर बघा. रत्नप्रभाची तब्येत जरा सुधारली. मला हळूच सांगायची, “आज पुरी बारी ऐकलंय गो. ह्येंका काय कळाक नाय. निजान होते.” मी हो हो करायचे.

एकदा ती रेशनला गेली तेव्हा मी बुवांची नळी साफ करत होते. मी विचारलं, “बुवा, त्रास नाही ना होत? सांगू का तिला?” त्यांनी जोरात मान हलवली. मग खाटेपुढच्या जमिनीकडे, तिच्या बसायच्या जागेकडे बोट दाखवलं, आणि तळहात हळूहळू वर नेला. सूर चढतो तिचा, असं. आणि हसले. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते. हसता हसता खोकला लागला, त्यात रक्ताची तार आली. मी ती पुसली. ते काय आहे हे मला कळलं होतं आणि त्यांनाही. त्यांनी परत ओठांवर बोट ठेवलं.

गणपतीच्या आधीच गेले. छाती भरली होती. शेवटी दोन दिवस शुद्ध नव्हती.

तेराव्याला गावाकडची माणसं आली. एक बाई हळूच म्हणाली, रत्नप्रभाने कानही मोकळे केले, किती रीत पाळते. कुड्या मार्चपासून पदराच्या गाठीतून डब्यात गेल्या होत्या. नितेश मान खाली घालून म्हणाला, “वहिनी, आता तरी बुवांची बारी लावू काय? मोठ्यान? सगळ्यांका ऐकाक गावतला.” रत्नप्रभा म्हणाली, “नको.”

माणसं पांगली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे भात घेऊन गेले. ती खाटेला पाठ लावून बसली होती. खाटेवर गोधडी घडी घालून ठेवलेली. हातात हेडफोन.

मी म्हटलं, “रत्ने, आता कशाला ते डोक्यावर? लाव ना मोबाइलवर मोठ्याने. आता कोणापासून लपवायचंय?”

ती बराच वेळ त्या मऊ गाद्यांवरून बोट फिरवत राहिली. त्या आता झिजून तिच्या कानाच्या आकाराच्या झाल्या होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “शकु, खरा सांग. ह्येंका कधी कळूक नाय मां गो? मी ऐकी होतंय तां?”

माझ्या जिभेवर सगळं आलं. ते उठून बसायचे गं. तुझ्या डोक्यावर हात धरायचे. तू रोज त्यांच्याबरोबर गायलीस, तुला कळलंच नाही, रत्ने. आलं अगदी ओठांपर्यंत. पण त्या बाईने महिनोन् महिने एकच गोष्ट जपली होती, की या माणसाला दुखायला नको. आणि बोट ओठांवर ठेवलेला तो माणूस मला समोर दिसत होता, रिकाम्या खाटेवर.

“नाही,” मी म्हटलं. “झोपलेले असायचे ते.”

“बरा झाला,” ती म्हणाली. तिने डोळे पुसले, हेडफोन चढवला आणि डोळे मिटून घेतले. मी भाताचं भांडं ठेवलं आणि दारापर्यंत आले.

“उचलून देईल कोण रे, उचलून देईल कोण?”

मग ती थांबली. खोलीत पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता, नळीचाही नाही. मी दार धरून उभी राहिले आणि तिची पुढची ओळ यायची वाट बघत राहिले.