दैवशालेच्या जागी

१९५३ सालची दिवाळी. पालमजवळच्या एका खेड्यात माणिकराव ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. हैदराबादच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकणारा त्यांचा मुलगा बन्सीधर सुटीवर आला होता. येत्या उन्हाळ्यात भूगर्भ खात्याच्या तंबूत राहून काम शिकण्यासाठी त्याची निवड झाली होती. तिथे चांगलं काम करणाऱ्याला पुढे नोकरी मिळे.

"पोरगं आता मुलूखभर दगडं बघत हिंडनार," माणिकराव बायकोला म्हणाले. "घरात पाय टिकायचा न्हाई तेचा. सुनंला घेऊन येऊ."

"लय लहान हाय ती, बाबा. माझी परीक्षा तर होऊ द्या," बन्सीधर म्हणाला.

"चौदावं लागलंय. तुजी माय ह्या वयात घर चालवत व्हती."

बन्सीधर पुढे बोलला नाही. लहानपणीच त्याच्याशी लग्न लावलेली दैवशाला नांदायला आली. दिवसभर ती सासूच्या हाताखाली राबे. संध्याकाळी नवऱ्याने अभ्यासाला आणलेले खडकांचे तुकडे हातात घेऊन पाही. "दगडाला बी नावं असत्यात व्हय?" म्हणून हसे. सुटी संपून तो गेला, तेव्हा तिला दिवस राहिले होते.

वैशाखात बन्सीधर रायचूरकडच्या माळावर खात्याच्या साहेबांकडून खडकाचे थर ओळखायला शिकत होता. त्याच दिवसांत माहेरी दैवशालेला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. सुईण हात टेकून बसली. "हाडच कवळं हाय पोरीचं," ती म्हणाली. परभणीच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली. मोटारीचा रस्ता लागायच्या आत आईच्या मांडीवर तिचा जीव गेला. मूलही गेलं.

तार मिळून बन्सीधर पोहोचला, तेव्हा राख सावडून झाली होती.

तेराव्याला माणिकरावांच्या घरी जेवणं उरकली. ते व्याह्यांना म्हणाले, "झालं ते झालं. तुमची धाकटी छबू हाय. येत्या लगीनसराईत उरकून टाकू."

व्याह्यांनी मान हलवली. अकरा वर्षांची छबू अंगणात उष्ट्या पत्रावळी गोळा करत होती.

"मी करणार न्हाई," बन्सीधर म्हणाला. "दिवाळीत मी गप बसलो, बाबा. म्हणून ती गेली."

"तुमी न्हाई तर दुसरा कुनी," छबूचा बाप म्हणाला. "पोरगी काय घरात ठिवायची हाय?"

तेवढ्यात आतून दैवशालेची आई, दगडाबाई, बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत ती आजवर कधी उभी राहिली नव्हती. तिने छबूच्या हातातल्या पत्रावळी खाली ठेवल्या आणि तिला जवळ ओढलं.

"गाडीत माजा पदर धरून म्हनली, माय, मला घरी ने," ती हळू म्हणाली. "दवाखाना न्हाई मागितला तिनं. घरी ने म्हनली. ल्हान व्हती वो ती. हिला मी देत न्हाई. हिला मोठी होऊ द्या."

बन्सीधर भिंतीकडे तोंड करून रडू लागला.

त्या लगीनसराईत छबूचं लग्न झालं नाही. तिच्या बापाने दगडाबाईशी बोलणं टाकलं. गावात छबूच्या वयाच्या दुसऱ्या पोरींची लग्नं झाली, आणि अक्षता टाकायला आम्ही सगळे गावकरी गेलो होतो.